जड टूरर घेतलीये, पाय जेमतेम टेकतात. लोअरिंग करू का?

खडखडाट (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं ३५० सीसी चालवली, आता शेवटी एकदाची बीएमडब्ल्यूची आर १२५० आरटी घेतली, लांबच्या प्रवासाची टूरर, सेकंडहँड आहे पण एकदम टकाटक. हायवेला गाडी म्हणजे निव्वळ सुख, वजनबिजन काही जाणवत नाही. पण सिग्नलला थांबताना, पार्किंगमधून काढताना आणि यू टर्न मारताना घाम फुटतो राव. उंची ५ फूट ५ इंच. सीट खालच्या खाचेत म्हणजे ८०५ मिमीवर लावलीये, तरी दोन्ही पायांचे चवडेच टेकतात. गाडी २७९ किलो, म्हणजे माझ्या चौपट. एक मित्र म्हणतो लोअरिंग लिंक (मागच्या सस्पेंशनची पट्टी बदलून गाडी खाली घेणारी) टाक आणि मोकळा हो, दुसरा म्हणतो आधी क्रॅश गार्ड, तिसरा म्हणतो विकून टाक (त्यालाच हवीये).
तर लोअरिंग करू का? आणि नाही तर सुरुवातीला नक्की कशाकडे लक्ष देऊ? व्हिडिओ बघून बघून डोकं आउट झालंय, प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

निवांत_गडी
अभिनंदन! फोटो कुठाय? फोटोशिवाय गाडी घेतली असं मानण्यात येणार नाही.

गिअरबॉक्स
कर की बिनधास्त. माझ्या ६५० ला लिंक टाकली, दोन्ही टाचा टेकायला लागल्या, कॉन्फिडन्स आला. पाय टेकत नसतील तर बाकीचं ज्ञान काय चाटायचंय?

तेलकट_हात
गिअरबॉक्सराव, आरटीला लिंक टाकणार कुठे? मागचा शॉक थेट स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) बसवलेला असतो, मधे लिंकेज हा प्रकारच नाहीये. पुढे टेलिलिव्हर, म्हणजे फोर्कमध्ये स्प्रिंग नाही, मधे एकच वेगळा शॉक. त्यामुळे फोर्क क्लॅम्पमधून वर सरकवायचा नेहमीचा जुगाडही इथे चालत नाही. खाली घ्यायचीच तर पुढचा आणि मागचा दोन्ही शॉक आखूड घालावे लागतील, इलेक्ट्रॉनिक सस्पेंशन असेल तर खर्चाचं विचारूच नका.

आणि समजा केलंच, तर पुढची गंमत ऐका. साइड स्टँड आहे तेवढाच लांब राहतो, मग गाडी स्टँडवर लावली की नीट कलतच नाही, जवळजवळ उभीच राहते, कुणी जरा रेलला की पलीकडे आडवी. तोही कापून आखूड करायचा. मेन स्टँड लावायला दुप्पट जोर. वळणात खालून घासायला लवकर लागणार. आणि फक्त मागनंच खाली घेतली तर स्टिअरिंग सुस्त आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यावर. दोन इंचासाठी एवढं सगळं.

गिअरबॉक्स
@तेलकट_हात ओके, आरटीबद्दल माहीत नव्हतं. पण तत्त्व म्हणून मी ठाम आहे, बुटका माणूस बुटकी गाडी.

पिंगळा
हलकेच घ्या, पण माझी उंची ५ फूट २ इंच आहे आणि मी एक हजार सीसीची टूरर चालवते, सीट ८२० मिमी. दोन्ही पाय टेकवायचा अट्टाहास सोडा हे पहिलं. थांबताना एकच पाय लागतो, डावा, पूर्ण तळवा. त्यासाठी थांबायच्या जरा आधीच सीटवर डावीकडे सरकायचं, उजवा पाय मागच्या ब्रेकवर. शिवाय रस्ता कुठल्या बाजूला उतरता आहे ते बघायचं. बहुतेक रस्ते कडेकडे उतरते असतात, तुम्ही ज्या बाजूला पाय टाकणार ती बाजू खोल असेल तर पाय हवेतच जातो आणि तिथंच गाड्या पडतात. थांबायची जागा आपण निवडायची. पुढच्या ट्रकच्या मागे जाऊन खड्ड्यात नाही थांबायचं.

दुसरं म्हणजे बूट. जाड सोलचे टूरिंग बूट घेतले की तेवढ्यानं सुद्धा फरक पडतो, घोटाही वाचतो.

निवांत_गडी
+१ पिंगळाताई. पण फोटो अजून आला नाही.

सावकाश_चालक
नवीन लोकांना हळू गाडी चालवायला शिकवतो, म्हणून जरा लांबड लावतो.

अशा गाड्यांना वेगाला काही शिकवावं लागत नाही, ती आपली आपण सरळ जाते. सगळी बोंब चालण्याच्या वेगाला असते. त्या वेगाला तीन गोष्टी एकत्र करायच्या: क्लच अर्धा, अ‍ॅक्सिलरेटर किंचित दिलेला आणि स्थिर, आणि मागचा ब्रेक हलकेच दाबून ठेवलेला. इंजिन ओढतंय आणि ब्रेक धरतोय, त्या ताणावर गाडी उभी राहते. नवीन माणूस काय करतो, भीती वाटली की अ‍ॅक्सिलरेटर सोडतो आणि क्लच पूर्ण दाबतो. ताण गेला की तेवढी सगळी किलो त्याच्या मांडीवर. मग तो पुढचा ब्रेक दाबतो, हँडल वळलेलं असतं, आणि खेळ खलास. हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला बोट सुद्धा लावायचं नाही, निदान हे एक तरी लिहून ठेवा.

यू टर्नला नजर मागे, म्हणजे अक्षरशः खांद्यावरून हनुवटी फिरवून जिथं बाहेर पडायचंय तिथं. समोरच्या कठड्याकडे बघाल तर कठड्यातच जाल. आणि हळू वेगात गाडी आत झुकवायची पण अंग बाहेर ठेवायचं, म्हणजे डावीकडे वळताना बूड उजवीकडे. हायवेच्या बरोबर उलटं.

रिकामं पटांगण बघा, आठ काढा, आधी मोठे मग लहान. रोज थोडं थोडं, एका दमात तासभर नाही, डावा हात भरून येतो आणि मग चुका होतात. सामानाचे बॉक्स काढून ठेवा आधी.

तेलकट_हात
@सावकाश_चालक मस्तच, फक्त एक पुस्ती. @खडखडाट गाडी कुठल्या सालची? २०२१ पासूनच्या आरटीला फुल इंटिग्रल ब्रेक आहेत, पायाचा ब्रेक दाबला तरी पुढचाही थोडा लागतो. त्याआधीच्यांना पुढचा लीव्हर दोन्ही चाकांना लागतो पण पेडल फक्त मागच्याला. मागचा ब्रेक धरून यू टर्न मारायचा असेल तर हे माहीत हवं.

खडखडाट
२०१९ ची. म्हणजे पेडल फक्त मागं. मला वाटायचं दोन्हीकडून दोन्ही लागतात. पिंगळाताई, सावकाशराव, खूप धन्यवाद, उद्याच पटांगण शोधतो.

सहा_सिलिंडर
आमच्या होंडा गोल्ड विंगला रिव्हर्स गिअर आहे. पुढचं बोलत नाही.

चुळबुळ्या
आला! वाटच बघत होतो. प्रत्येक धाग्यात रिव्हर्स.

सहा_सिलिंडर
अहो, १९८८ च्या गोल्ड विंग जीएल १५०० पासून आहे, त्यात स्टार्टर मोटरच उलटी लावून गाडी मागे न्यायची. तेव्हा लोक हसले, आता बीएमडब्ल्यूच्या के १६०० लाही मिळतो. ३८० किलोची गाडी उताराला तोंड करून लावली आणि मागे ओढायला गेलात की हसणारे दिसत नाहीत कुठे.

पिंगळा
ज्यांच्याकडे रिव्हर्स नाही त्यांनी उताराला तोंड करून भिंतीसमोर लावायचीच नाही. पार्क करताना आधी विचार करायचा, बाहेर कशी काढणार? चढाकडे तोंड, पहिल्या गिअरमध्ये, साइड स्टँडच्या बाजूला जमीन जरा उंच नको आणि फार खोलही नको. मऊ मातीत किंवा उन्हानं वितळलेल्या डांबरावर स्टँडखाली एक चपटी चकती टाका, टँक बॅगेत ठेवा कायम.

भणंग
हे सगळं ठीक आहे पण कुणी सांगत नाही की शिकवणीला जा. १९८१ चा अमेरिकेतला हर्ट रिपोर्ट काढून बघा, लॉस एंजेलिस भागातल्या ९०० अपघातांचा जागेवर जाऊन केलेला अभ्यास. अपघात झालेल्यांतले ९२ टक्के स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. अजून काय पाहिजे?

चुळबुळ्या
@भणंग आणि अपघात न झालेल्यांतले किती टक्के शिकवणीला गेले होते? तेव्हा बहुतेक सगळेच घरीच शिकायचे. त्या एका आकड्यावरून काही सिद्ध होत नाही. शिकवणीला जा, नको म्हणत नाही, पण कारण नीट द्या.

भणंग
त्याच अहवालात असंही आहे की ऐन वेळी बहुतेकांनी मागचा ब्रेक जास्त दाबून चाक सरकवलं आणि पुढचा पुरेसा वापरलाच नाही. हे तरी मानता का?

चुळबुळ्या
हे मानतो. पण तेव्हा एबीएस (चाक अडकू न देणारी ब्रेक यंत्रणा) नव्हतं, मोटरसायकलवर ते १९८८ ला आलं, तेही बीएमडब्ल्यूच्याच के १०० वर. आज आरटीवर ब्रेक दाबून चाक अडकत नाही, आज प्रॉब्लेम उलटा आहे, लोक पूर्ण जोरात दाबायला घाबरतात. एबीएस लागल्यावर लीव्हर कसा थरथरतो हे आधी एकदा अनुभवलं पाहिजे, नाहीतर ऐन वेळी दचकून सोडून देतो माणूस.

सावकाश_चालक
भांडू नका, दोघांचंही बरोबर आहे. @खडखडाट पटांगणात आठ काढून कंटाळा आला की कोरड्या सरळ रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, आधी ४० च्या वेगावरून आणि मग ६० वरून एबीएस लागेपर्यंत ब्रेक मारा. सरळ, कललेले नसताना.

टेकूपाटील
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

निवांत_गडी
पाटील काय लिहिलं होतं सांगा ना

टेकूपाटील
गाडी पडली तर कशी उचलायची ते लिहिलं होतं, पण उजव्या बाजूला पडली तर साइड स्टँड आधी बाहेर काढायचा हे विसरलो होतो. आता नीट लिहितो. इंजिन बंद, गिअरमध्ये टाका म्हणजे घसरणार नाही. उजवीवर पडली असेल तर स्टँड आधीच काढून ठेवा, नाहीतर उचलून पलीकडे पाडाल (होतं असं, हसू नका). हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. पाठ गाडीकडे करायची, बूड सीटच्या कडेला टेकवायचं, एका हाताने खालचा हँडलग्रिप, दुसऱ्याने मागची पकड, पाठ ताठ आणि पाय पुढे ठेवून छोट्या पावलांनी मागे मागे चालायचं. पाठीनं उचलायची नाही, पाय ढकलतात. आरटीच्या बॉक्सर इंजिनचं एक बरं आहे, सिलिंडर दोन्हीकडे बाहेर असल्यामुळे गाडी पूर्ण आडवी होत नाही, सिलिंडरवर टेकून राहते. म्हणून तिथं प्रोटेक्टर बसवून घ्या, मित्र म्हणाला तो गार्ड म्हणजे हाच असेल तर मित्र शहाणा आहे.

पेट्रोल गळत असेल, गाडी रस्त्यात असेल तर एकट्याने हिरोगिरी नको. कुणाला तरी हाक मारा. पण मुख्य म्हणजे गाडी पडायला लागलीच तर पाय घालून अडवायचा प्रयत्न करू नका, सोडून द्या. २७९ किलो गुडघ्यावर घ्यायचे नाहीत.

पिंगळा
+१०० शेवटच्या ओळीला.

मागची_सीट
मी चालवत नाही, मागे बसते. माझा पण प्रश्न आणि सल्ला दोन्ही घ्या. सल्ला असा की मागच्या माणसाला आधी काही सांगतच नाही कुणी. मी पहिल्यांदा बसले तेव्हा कुठे धरायचं, वळणावर काय करायचं, काही सांगितलं नव्हतं, मी आपली वळणात घाबरून उलट बाजूला कलायचे आणि नवरोबा ओरडायचे. गाडी जड झालीये, वाकत नाहीये म्हणायचे. अहो सांगा ना आधी! आता आमचं ठरलंय, ते दोन्ही पाय रोवून पुढचा ब्रेक दाबून तयार म्हणेपर्यंत मी चढत नाही आणि उतरतही नाही. ब्रेक मारला की मांड्या आवळून धरायचं, हेल्मेटला हेल्मेट आपटत नाही मग. वळणात त्यांच्या आतल्या खांद्यावरून बघायचं, आपोआप बरोबर कलते.
प्रश्न असा की दोघं बसलो आणि बॉक्स भरले की हेडलाइट समोरच्यांच्या डोळ्यात जातो आणि हँडल हलकं वाटतं म्हणतात. असं का?

तेलकट_हात
ताई, मागचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) वाढवला नाहीये त्यांनी. वजन मागे बसलं की बूड खाली, नाक वर. बाजूला गोल नॉब असतो किंवा स्क्रीनवर सेटिंग, मॅन्युअलमध्ये एकटा, सामानासह, दोघं असं दिलेलं असतं. निघायच्या आधी बदलायचं आणि हवाही मॅन्युअलप्रमाणे त्या लोडची. वजनाची गोष्ट निघालीच तर, टॉप बॉक्समध्ये जड काही नको, तो चाकाच्या मागे आणि वर असतो, दहा किलोही तिथं भरले की वेगात हँडल डुलायला लागू शकतं. जड वस्तू बाजूच्या बॉक्समध्ये खाली, दोन्हीकडे साधारण सारख्या. बॉक्सच्या झाकणात किलो लिहिलेले असतात, ते शोभेला नसतात.

चुळबुळ्या
हवेवरून आठवलं, @खडखडाट टायर केव्हाचे आहेत? सेकंडहँड आणि एकदम टकाटक म्हणजे गाडी उभीच असणार बराच काळ. टायरच्या कडेला डीओटीच्या ओळीत शेवटी लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन साल. हवा गाडी थंड असताना बघायची, आरटीला पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय. पंपापर्यंत गाडी चालवत नेली की टायर तापलेला असतो, आकडा फसवतो. स्वतःचा गेज घ्या.

कानाडोळा
जरा विषयांतर, पण टूरिंग म्हटल्यावर कुणीच इअरप्लग लिहिला नाही याचं आश्चर्य वाटलं. हायवेच्या वेगाला हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचा आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो. अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे एवढ्या आवाजात दिवसाला १५ मिनिटं ही मर्यादा. आपण आठ आठ तास बसतो. फोमचे साधे प्लग चालतात, बोटांनी गोल वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. हॉर्न ऐकू येतो, काळजी नको. उलट संध्याकाळी डोकं दुखत नाही, थकवा कमी. आणि आरटीची काच बटणानं वरखाली होते ना, ती पूर्ण वर करून तिच्यातून बघत बसू नका, पावसात रात्री काही दिसत नाही. काचेच्या कडेवरून रस्ता दिसेल इतपतच वर.

गिअरबॉक्स
प्लग घालून मागून हाक मारलेली पण ऐकू येत नाही, हा मोठाच फायदा.

मागची_सीट
आम्ही इंटरकॉम घेतलाय हो.

खडखडाट
अपडेट. दोन-तीन संध्याकाळी पटांगणात घालवल्या. मागचा ब्रेक धरून हळू चालवणं हे लै भारी प्रकरण आहे, चालण्याच्या वेगाला गाडी अशी शांत उभी राहते हे मला खरंच माहीत नव्हतं. पण एक विचित्र वाटतंय. हळू वळताना सुरुवातीला गाडी वाकायलाच तयार नसते आणि मग एकदम धपकन पडल्यासारखी आत जाते. माझंच चुकतंय का?
आणि @चुळबुळ्या टायर बघितले. दोन्हीवर २३१९ आहे. म्हणजे काय समजायचं?

चुळबुळ्या
म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. अहो गाडीसोबत आलेलेच टायर आहेत ते अजून!! मागच्याच्या मधोमध तळहात आडवा फिरवून बघा, गोल लागतो की सपाट?

खडखडाट
सपाट. मधे पट्टाच झालाय, कडेला एकदम धारच लागते बोटाला.

तेलकट_हात
मिळालं उत्तर. आधीच्या मालकानं सरळ हायवेच तुडवलाय. टायर मधून चौकोनी झाला की सपाट भागावर गाडी सरळच राहू बघते, आणि त्या कडेवरून उतरली की एकदम पडते. तुमचं काही चुकत नाहीये. शिवाय इतक्या वर्षांत रबर कडक झालेलं असणार, नक्षी शिल्लक दिसली तरी पावसात पकडणार नाही. टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या म्हणतात, मी तर बदलूनच टाकतो. दोन्ही बदला, जोडीनं. सीट, गार्ड, लाइट सगळं नंतर.

सावकाश_चालक
आणि नवीन टायर घातल्यावर पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर जपून, वरचा थर गुळगुळीत असतो. दुकानातून बाहेर पडताना जोरात पिळू नका, हसायची गोष्ट नाही, तिथंच पडतात लोक.

सहा_सिलिंडर
सेकंडहँड आहे तर ब्रेक ऑइल कधी बदललंय तेही विचारा, दोन वर्षांच्या वर नको. आरटीला चेनऐवजी शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) आहे म्हणून चेनची कटकट नाही, पण मागच्या फायनल ड्राइव्हचं ऑइल बदलावं लागतं हे शाफ्टवाले विसरतात. आमच्याकडेही हेच. बॅटरी महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर चार्जरवर लावून ठेवा.

निवांत_गडी
वाचनखूण साठवली. फोटो नाही म्हणजे नाहीच का?

खडखडाट
@निवांत_गडी टायर बदलल्यावर टाकतो, जुन्या टायरचा फोटो काढून लाज वाटली.
टायर आजच ऑर्डर केले. आता माझा मूळ प्रश्न, लोअरिंग रद्द. कंपनीचीच लो सीट एका ओळखीच्यानं दोन दिवस लावून बघायला दिली, तळव्याचा पुढचा अर्धा भाग टेकतो आता, पण गुडघे जास्त दुमडतात आणि लांबच्या प्रवासाला त्रास होईल असं वाटतंय. काय करू?

पिंगळा
मग जुनीच ठेवा की. सीट खाली गेली की पेग (पाय ठेवायची जागा) आणि सीटमधलं अंतर कमी होतं, गुडघे बोलणारच. पटांगणात आता एका पायावर थांबायला जमतंय ना? जमत असेल तर पैसे वाचवा, बूट घ्या. किंवा जुन्याच सीटच्या पुढच्या कडेचा फोम दोन्हीकडून तासून घ्या, मांड्या जवळ येतात आणि पाय सरळ खाली जातात. उंची तेवढीच राहते पण पोहोच वाढते. रुंद सीटवर खरा प्रॉब्लेम तोच असतो.

गिअरबॉक्स
म्हणजे शेवटी खाली नाही करायची? मी अजूनही म्हणतो...

चुळबुळ्या
गिअरबॉक्स बस करा

खडखडाट
पिंगळाताई, फोमचं एकदम पटलं, तेच करतो. एक शेवटचं, मेन स्टँड कसा लावता तुम्ही? माझ्याच्याने हलत पण नाही.

पिंगळा
उचलू नका ना! डाव्या बाजूला उभं राहा, डावा हात हँडलवर, उजवा मागच्या पकडीवर. गाडी सरळ उभी करून स्टँड पायानं खाली घ्या आणि स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागलेत हे आधी जाणवू द्या, एकच लागला असेल तर गाडी अजून कललेली आहे. मग उजव्या पायानं त्या कडीवर अख्खं वजन टाकून उभं राहायचं, जिना चढतो तसं. उजवा हात फक्त दिशा देतो, मागे आणि जरा वर. गाडी आपोआप मागे चढते. आधी सपाट फरशीवर, गाडीत बॉक्स नसताना करा, आणि बूट घालून, चपलेवर नको.